जुन्या कपड्यांचा धंदा : ३५ रुपयांचा शर्ट खरा कितीला पडतो?

मैत्रिणींनो, जुने कपडे घ्यायचे, धुऊन-शिवून नीट करायचे आणि आठवडे बाजारात विकायचे, हा धंदा आपल्याकडे काही नवा नाही. पण गटाच्या बैठकीत कुणी यासाठी कर्ज मागितलं की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "यात उरतं तरी किती?" आणि दुसरा, जरा हळू आवाजात, "दुसऱ्याच्या अंगावरचे कपडे विकायचे, लोक काय म्हणतील?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आधी पैशाचं बघू, कारण कर्ज फेडायचं ते त्यातूनच.

बहुतेक जणी हिशोब असा मांडतात : शर्ट ३५ ला आणला, ६० ला विकला, २५ सुटले. १०० नगांचे अडीच हजार. ऐकायला गोड वाटतं. सहा महिन्यांनी मात्र हातात पैसा दिसत नाही, घरात गाठोडं दिसतं. मग "धंदाच खोटा" असं म्हणून ती ताई सोडून देते. धंदा खोटा नसतो, हिशोब अर्धा असतो.

पूर्ण हिशोब करून बघू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून धरले आहेत, तुमच्या तालुक्याचे तुम्ही घाला. समजा गटातून ४,००० रुपये अंतर्गत कर्ज घेतलं, महिना शेकडा २ व्याजाने. ३५ च्या भावाने १०० नग आणले, ३,५०० झाले. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी जाणं-येणं आणि हमाली मिळून २०० धरा. पावडर, सोडा, बटणं, दोरा, इस्त्री यांचे २५०. तीन बाजार केले तर पावतीचे ३० प्रमाणे ९० आणि गाठोडं रिक्षातून न्यायचे १०० प्रमाणे ३००. व्याजाचे ८०. बेरीज झाली ४,४२०.

आता घरी आणून गाठोडं सोडलं. १०० पैकी १८ नग विकण्याजोगे नाहीत. कुठे बगलेत उसवून कापडच विरलंय, कुठे डाग जात नाही. राहिले ८२. या ८२ नगांवर ४,४२० चा बोजा पडला, म्हणजे एक नग ५४ रुपयांना पडला. आपण ३५ म्हणत होतो. ६० ला विकला तर २५ नाही, ६ रुपये सुटतात. सगळे ८२ जरी विकले गेले तरी जेमतेम ५०० रुपये. त्यासाठी खरेदीचा एक दिवस, धुण्या-शिवण्याचे दोन, बाजाराचे तीन, असे सहा दिवस गेले. दिवसाला ८३ रुपये. एवढ्यात कुणी निंदायला तरी जाईल का?

म्हणून सरसकट भाव लावायचा नाही. माल आल्यावर तीन ढीग करा. समजा ३० नग चांगले निघाले, ते १३० ला विकले. ३५ मध्यम, त्यांना ८० चा भाव लावला, पण १२ राहिले आणि २३ च गेले. १७ हलके, ४० ला गेले. एकूण आले ६,४२०. खर्च वजा जाता २,००० उरले, म्हणजे दिवसाला ३३३ रुपये, आणि वर १२ नग शिल्लक. या हिशोबात धंदा उभा राहतो. पण तो उभा आहे त्या ३० चांगल्या नगांवर. ते ३० ऐवजी १५ निघाले की सगळं कोसळतं. म्हणजे खरं कसब विकताना नाही, घेताना लागतं.

घेताना काय बघायचं

पहिली गोष्ट, उजेडात बघा. बल्बच्या उजेडात डाग लपतो. शर्ट असेल तर कॉलर, कफ आणि बगल. पँट असेल तर बसायची जागा, मांड्यांच्या मधला भाग आणि चेन दोनदा वर-खाली करून. चेन बदलायला पैसे पडतात, बटणाला पडत नाहीत, म्हणून तुटक्या बटणाचा माल भाव पाडून खुशाल घ्यावा. लहान मुलांच्या कपड्यात इलॅस्टिक ओढून बघा.

साडी उलगडल्याशिवाय घेऊ नका, विकणारी कितीही घाई करो. वरची घडी नेहमीच छान असते. साडी विरते ती निऱ्यांखाली, टाच लागते तिथे, आणि घडीच्या रेषेवर. दोन्ही हातांच्या चिमटीत घडीची रेष धरून हलकं ताणा. बारीक चरचर आवाज आला किंवा धागे सरकले तर ती साडी धुण्यातच जाईल. ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा घासून बघा, रंग लागला तर ती वेगळी धुवावी लागणार.

डागांमध्येही भेद आहे. हळदीचा डाग बघून घाबरू नका, धुऊन उन्हात दोन-तीन दिवस टाकला की फिका पडतो. गंजाचा डाग आणि दमटपणामुळे आलेले काळे बुरशीचे ठिपके मात्र सहसा जात नाहीत. कुबट वास येणारं गाठोडं तर सोडूनच द्या, कारण वास एका साडीचा वाटतो आणि घरी आल्यावर सगळ्यांना असतो.

रेशीम म्हणून कुणी जास्त भाव मागितला तर पदराच्या टोकाचा एक धागा काढून जाळा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. सुती धागा कागदासारखा जळतो. आणि आपल्याच पेटीत आजीची जुनी जरीची साडी असेल तर ती एका पातेल्यावर देऊन टाकायच्या आधी जाणकाराला दाखवा. जुन्या खऱ्या जरीत चांदीची तार असते.

माल कुठून आणायचा

हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडे आहे त्या बोहारणी. भांडी देऊन जुने कपडे घेणाऱ्या या बायका आपण लहानपणापासून दारात बघितल्या, त्यांच्याशी घासाघीस केली, पण तो केवढा मोठा व्यापार आहे हे आपल्या लक्षात येत नाही. दिल्लीत रघुबीर नगरला तर वाघरी समाजाच्या बायकांनी दारोदार फिरून जमवलेल्या कपड्यांचा मोठा बाजार उजाडायच्या आत भरतो. आपल्या तालुक्याला येणाऱ्या बोहारणीशी ओळख करा आणि तिच्याकडून निवडून घ्या. एक नग पाच रुपयांनी महाग पडेल, पण निवडायला मिळालं तर खराब नग १८ वरून ५ वर येतात. वरचा हिशोब पुन्हा करून बघा, पाच रुपये कुठेच भरून निघतात.

बांधलेली गासडी न उघडता घेण्याच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. वरचे दहा नग बघून भाव ठरतो आणि आत काय आहे ते देवाला ठाऊक. "फॉरेनचा माल आहे" असं सांगून गासडी गळ्यात मारणारे भेटतात. परदेशातून वापरलेले कपडे आणायला सरकारचा परवाना लागतो, तेव्हा बिल मागा. बिल नसेल तर निघून या.

तालुक्याच्या गावी ओळखीच्या घरांतूनही कपडे मिळतात. पण पैसे देऊन घ्या किंवा बदल्यात काही द्या. पूर आला, आग लागली म्हणून लोकांनी वाटायला दिलेले कपडे कधीही विकायला ठेवायचे नाहीत. एकदा तसं झालं की गटाचं नाव गेलं. आणि खिसे तपासा. पैसे, कागद, आधार कार्ड निघालं तर ज्याचं त्याला परत करा.

ओळखीचा फ्रॉक

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. लोक काय म्हणतील ते विकणारीला फारसं कुणी म्हणत नाही. त्रास होतो तो घेणारीला, आणि त्यातही तिच्या मुलांना. एका गावात असं झालं. गटातल्या ताईंनी गावातल्याच एका बऱ्या घरातून मुलीचे फ्रॉक घेतले आणि गावातच विकले. मजुरीला जाणाऱ्या एका बाईने हौसेने लेकीला घेतला. लेक शाळेत गेली तर वर्गातली मुलगी म्हणाली, "हा माझा आहे." पोर रडत घरी आली, फ्रॉक परत अंगावर घातला नाही. ताईंनी पैसे परत दिले, पण पैशाने ते भरून येण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून आम्ही प्रत्येकीला सांगतो : ज्या गावात घेतलं त्या गावात विकायचं नाही. दोन गावं सोडून जा.

जुनं आहे हे मात्र लपवू नका. स्वच्छ धुतलेलं, इस्त्री केलेलं, बटण लावलेलं जुनं कापड घ्यायला कुणाला लाज वाटत नाही. जमिनीवर ढीग टाकून "घ्या चाळीसला" ओरडलं की तोच कपडा हलका होतो. दोरी बांधून टांगा, माप सांगता आलं पाहिजे. आतले कपडे अजिबात विकू नका. बाकी सगळं गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा, खरजेसारखे त्रास त्यानेच टळतात. स्वेटरसारखं काही गरम पाण्यात घालता येत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर घट्ट बांधून ठेवा आणि मग साध्या पाण्याने धुवा.

काय खपतं हे गावागावावर आहे. पण एक माल असा आहे की तो पडून राहत नाही : पुरुषी, फुल बाह्यांचा, सुती शर्ट. कापूस वेचायला, ऊस तोडायला जाणाऱ्या बायका साडीवर चढवतात तोच. हात ओरखडत नाहीत, ऊन लागत नाही. तिला रंग उडालेला चालतो, कॉलर झिजलेली चालते, पण कफाची बटणं पक्की हवीत आणि शर्ट घोळदार हवा. शहरात जो शर्ट हलक्या ढिगात जातो तो आपल्याकडे दसऱ्याच्या आसपास, तोडीला टोळ्या निघायच्या आधी, मध्यम भावात जातो. जूनमध्ये शाळेचे गणवेश आणि दप्तरं, थंडीच्या तोंडाला स्वेटर. स्वेटर उन्हाळ्यात स्वस्तात मिळतात म्हणून भारंभार घेऊन ठेवू नका, पैसा सहा महिने अडकतो आणि गटाचं व्याज चालूच राहतं.

उधारी देऊ नका, निदान पहिले तीन महिने. बाजारात "पुढच्या आठवड्याला देते" म्हणणारी बाई खोटं बोलत नसते, तिची मजुरीच आठवड्याने मिळते. तिच्यासाठी नग बाजूला काढून ठेवा, पैसे घेऊन आली की द्या.

आणि ते १८ खराब नग. फेकायचे नाहीत. आधी बटणं, चेन, हूक कापून घ्या, ते दुरुस्तीला लागतात. सुती साड्या आणि धोतरं गोधडीला. बाकीच्या सुती कपड्यांच्या हातभर चिंध्या करून गॅरेजवाल्याला किलोवर विचारा, तेल-ग्रीस पुसायला त्याला रोज लागतात. पॉलिस्टर त्याला चालत नाही. या १८ मधून आलेले रुपये वहीत वेगळ्या ओळीवर लिहा, म्हणजे पुढच्या खेपेला गाठोड्याचा भाव ठरवताना ते उपयोगी पडतात.