आजोळकडून आलेला धागा

नारायण पेठेतल्या एका शाळेत पालकसभा संपल्यावर एक आई मागे थांबली. मुलगा स्वमग्न. "माझंच काही चुकलं का हो बाई?" एवढेच तिने विचारले. या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांना ठाऊक असायला हवे.

बहुतेक स्वमग्न मुलांत एकच एक कारण सापडत नाही. पण काहींत स्वमग्नतेसोबत ओळखता येणारा आनुवंशिक विकार असतो. त्वचेवर पानाच्या आकाराचे फिकट डाग आणि फिट्स असतील, तर ट्यूबरस स्क्लेरोसिसची शंका येते. वर्ष-दीड वर्षाची मुलगी शिकलेले शब्द आणि हातांचा वापर विसरू लागली, तर रेट विकाराची. एकाच जनुकामुळे होणाऱ्या अशा विकारांत अधिक आढळतो तो फ्रॅजाइल एक्स.

त्याचे जनुक १९९१ मध्ये सापडले. ते एक्स गुणसूत्रावर असते. त्यात सी-जी-जी ही तीन रासायनिक अक्षरे ओळीने पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांत सुमारे तीस वेळा. पाढा म्हणताना मूल एकाच ओळीवर अडकावे, तशी काही घराण्यांत ही संख्या वाढते. ५५ ते २०० असेल, तर व्यक्ती वाहक. २०० ओलांडले की जनुक बंद पडते आणि मेंदूतील पेशींच्या जोडण्यांना लागणारे एक प्रथिन बनत नाही. मुलग्यांत एक्स एकच असल्याने त्यांना त्रास अधिक होतो.

वाहक पुरुषाकडून हे जनुक त्याच्या सर्व मुलींकडे जाते, मुलांकडे नाही. २०० पलीकडची उडी बसते ती आईकडून मुलाकडे जाताना. म्हणून आजोळची चौकशी करावी. उतारवयात आजोबांचे हात कापतात, तोल जातो; मावशीची पाळी चाळिशीआधीच थांबली; मामा किंवा मावसभाऊ शिकण्यात मागे राहिला. वेगळ्या वाटणाऱ्या या गोष्टी एकाच धाग्यात गुंफलेल्या असू शकतात.

निदान हे शिक्षकाचे काम नव्हे. निरीक्षणे लिहून पालकांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. फ्रॅजाइल एक्ससाठी रक्तातील डीएनएची वेगळी तपासणी लागते. नेहमीच्या गुणसूत्र-तपासणीत तो निसटतो. तो मुळापासून बरा करणारे औषध नाही. तरीही मावशीला मूल होण्याआधी सल्ला घेता येतो, आणि मुलाच्या अडचणींचे कारण कळते.

त्या आईला काय सांगायचे? आपली जनुके कोणी निवडून घेत नाही. तिनेही नाही, तिच्या वडिलांनीही नाही. चूक कोणाचीच नाही. मुलाला कसे शिकवायचे, हे मात्र आपल्या हाती आहे.