हॉटेलच्या दारी तपासणी येते तेव्हा

साकीनाका विमानतळाच्या शेजारचा. तेथील लॉजमध्ये परदेशी पाहुणा उतरला तर कोणाला नवल वाटत नाही. त्याच इमारतीच्या भटारखान्यात भांडी घासणारा मनुष्य बंगालचा किंवा नेपाळचा असला तर त्याचेही नवल नाही. परकीयांविषयीचा कायदा हॉटेलात शिरतो तो ह्या पुढच्या आणि मागच्या, अशा दोन्ही दारांनी. आमचे हॉटेलमालक बहुधा पुढच्याच दाराची चिंता वाहतात.

पुढच्या दाराचे काम तुलनेने सोपे आहे. 1939 चा नोंदणीचा आणि 1946 चा परकीय नागरिकांचा, हे दोन्ही कायदे आता गेले. 1 सप्टेंबर 2025 पासून त्यांच्या जागी एकच नवा कायदा आला. परंतु लॉजवाल्याचे कर्तव्य पालटलेले नाही. परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट व व्हिसा स्वतः पाहून 24 तासांच्या आत त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास संगणकावरून कळवावयाची. धंद्यात ह्याला 'सी फॉर्म' म्हणत आले आहेत. चूक होते ती पाळी बदलताना: रात्री आलेल्या पाहुण्याची नोंद सकाळचा कारकून करील असे रात्रीचा समजतो, आणि सकाळचा समजतो की ती झालीच असेल!

मागच्या दाराची गोष्ट निराळी. एरवी गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर असते. येथे 'मी परकीय नाही' हे ज्याच्यावर संशय आहे त्यानेच सिद्ध करावयाचे असते. कशाने करावे? आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असे आधारचा कायदाच सांगतो. आधार, पॅन वा मतदार ओळखपत्र जवळ असल्याने कोणी आपोआप नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये म्हटले. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, आईबापांचे कागद हे तर गावी ट्रंकेत पडलेले असतात. जून 2025 मध्ये मीरा रोडकडून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या मजुरांना सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि ते भारतीयच असल्याचे दिसून आल्यावर परत आणावे लागले.

म्हणून खरी तयारी पथक येण्याच्या कितीतरी आधी करावयाची. कामगार सुट्टीवर गावी निघाला की त्याला सांगावे, 'बाबा, येताना दाखल्यांच्या नकला घेऊन ये.' नकला फाइलीत ठेवाव्या. मूळ कागद त्याच्याच जवळ असू द्यावे. पोरगा पळून जाऊ नये म्हणून मूळ कागद गल्ल्यात कोंडून ठेवण्याची काही मालकांची रीत मला तरी निंद्य वाटते. घरच्या माणसाचा फोन नंबर लिहून घ्यावा. बंगाली बोलतो म्हणून कोणाला काढून टाकू नये. ती पश्चिम बंगालची आणि त्रिपुराचीही भाषा आहे. नेपाळी माणसाला तर 1950 च्या तहाने येथे राहण्याची व धंदा करण्याची मुभा आहे. ज्याच्यापाशी कसलाच आधार नाही, त्याला खोटे कागद करवून देण्याचे साहस मात्र कोणी करू नये. खोट्या पासपोर्टाला वा व्हिसाला दोन ते सात वर्षांची कैद आहे.

पथक आले म्हणजे मॅनेजरने एकट्याने बोलावे, अधिकाऱ्याचे नाव व ठाणे विचारून घ्यावे, मागितलेली नोंदवही दाखवावी. कोणाला लपवू नये, मागच्या दाराने पळवू तर मुळीच नये. पळणाऱ्यावर संशय दुणावतो. कोणास अटक झालीच तर तिचे कारण त्याला सांगावे लागते, नातलगास वा मित्रास कळवावे लागते, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातील प्रतिष्ठित मनुष्याची सही लागते. घरचे मुर्शिदाबादेत, तेव्हा तो प्रतिष्ठित मनुष्य हॉटेलच्या मालकानेच का होऊ नये? त्याने फाइल घेऊन ठाण्यावर जावे, वकील गाठावा, आणि त्या महिन्याचा पगार मोजून त्याच्या घरी धाडावा.