पोर्ट लुईचा बाजार

मांजरेकाठच्या आम्हां बिलोलीकरांना समुद्राचे अप्रूप फार! मॉरिशसला फ्लिक-आँ-फ्लाकच्या पांढऱ्या वाळूवर मुले दिवसभर हुंदडली. पुढे ब्लॅक रिव्हरच्या खोल दऱ्या झाल्या. शामारेलची सातरंगी मातीही पाहिली.

पण मी रमलो तो पोर्ट लुईच्या बाजारात. आमच्या बिलोलीच्या बाजारात मराठी अन् तेलुगू एकाच तागडीत तोलल्या जातात. इथेही उगादीला सरकारी सुट्टी, गणेशचतुर्थीलाही! १८३४ नंतर उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिये आले. त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आज घरात बहुधा क्रेओल बोलतात.

टोमॅटोला इथे ‘पोम दामूर’, म्हणजे प्रेमफळ म्हणतात! ते विकणाऱ्या आजींचे आडनाव अस्सल मराठी. मी मराठी शिकवतो हे कळताच त्यांनी नातीला पुढे केले. मुलीने शाळेच्या वहीतले स्वतःचे नाव दाखवले; सुबक देवनागरी, आमच्या बी. ए. च्या मुलांना लाजवील असे.

“बोलते का मराठी?” मी विचारले.

आजी मोडक्या हिंदीत म्हणाल्या, “किससे बोलेगी, भैया?”

आमची धाकटी तिच्याशेजारी पोत्यावर बसली आणि “तुझं नाव काय गं?” म्हणाली. टोमॅटो तागडीतच राहिले.