रस्त्यावरच्या मंचावर बेस गिटार : अर्थिंग, सिग्नल आणि साहित्य

गणेशोत्सव, नवरात्र आणि दसरा जवळ आला की कॉलेजच्या वाद्यवृंदांना भर बाजारात वाजवण्याची बोलावणी येऊ लागतात. जबलपूरमधील कमानिया गेटचा परिसर अशा मंचाचे चांगले उदाहरण आहे. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाच्या स्मरणार्थ उभारलेली ही कमान सराफा आणि बडा फुहारा यांच्या गजबजाटात आहे. रस्ता अरुंद आणि दुकाने दोन्ही बाजूंना, त्यात वीज तात्पुरती जोडलेली. अशा ठिकाणी बेस गिटार वाजवणाऱ्याला कोणत्या अडचणी येतात आणि परिपथाचे साधे नियम त्यांवर कसे उपयोगी पडतात, हे या टिपणात पाहू.

समजा, गेटपासून थोड्या अंतरावर लाकडी फळ्यांचा मंच आहे आणि मिक्सर मंचापासून २० मीटरवर आहे. साउंडसाठी जनरेटर आहे, तर दिव्यांसाठी शेजारच्या मीटरवरून लाईन घेतली आहे. पुढील सर्व मुद्दे हेच चित्र धरून मांडले आहेत. तपासणी याच क्रमाने करायची आहे : आधी विजेची सुरक्षितता, मग सिग्नल, आणि आवाजाचा पोत शेवटी. बहुतेक जण नेमके उलटे करतात. ॲम्पच्या गोल बटणांशी अर्धा तास खेळतात आणि अर्थिंगकडे पाहतही नाहीत.

१. अर्थिंग

बेस गिटारच्या तारा ब्रिजमार्गे केबलच्या बाहेरील जाळीला आणि तिथून ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. म्हणजे वाजवताना तुमचे हात सतत ॲम्पच्या धातूच्या पेटीला लागलेले असतात, असे समजा. मायक्रोफोनची जाळी अशीच मिक्सरच्या अर्थला जोडलेली असते. ॲम्प एका लाईनवर, मिक्सर दुसऱ्या लाईनवर आणि दोहोंपैकी एकाचे अर्थिंग तुटलेले, अशी स्थिती असेल तर तारांवर बोटे ठेवून ओठ माइकला लावताच तुमच्या शरीरातून परिपथ पूर्ण होतो. १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी याचा मंचावरच मृत्यू झाला. वाजवताना त्याचा हात अर्थ नसलेल्या माइकला लागला होता.

म्हणून मल्टिमीटर ही बेसवादकाच्या पिशवीतील पहिली वस्तू. मीटर एसी व्होल्टच्या सर्वांत मोठ्या रेंजवर ठेवून दोन मापे घ्या.

(अ) बोर्डावर : फेज व न्यूट्रल यांत सुमारे २३० व्होल्ट, फेज व अर्थ यांतही जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांत फार तर काही व्होल्ट दिसायला हवेत. आकडे जुळले नाहीत तर स्वतः काही उघडू नका, मंडपाच्या वायरमनला बोलवा.

(आ) मंचावर : ॲम्प आणि मिक्सर चालू करून एक प्रोब ब्रिजच्या धातूला आणि दुसरा माइकच्या जाळीला लावा. या वेळी हाताने दोहोंपैकी कशालाही स्पर्श करू नका. वाचन एक-दोन व्होल्टच्या आत हवे. कधी कधी इथे शंभरच्या आसपास आकडा दिसतो. पॉवर सप्लायमधील फिल्टर कपॅसिटरमधून होणाऱ्या किरकोळ गळतीमुळेही असे होऊ शकते. तरी तो आकडा अर्थ तुटल्याचे सांगतो आहे आणि गळती किरकोळच आहे की नाही हे मीटर सांगत नाही. दुरुस्ती होईपर्यंत वाजवायचे नाही. आयोजक घाई करतील, प्रेक्षक शिट्ट्या वाजवतील, पण येथे तडजोड नको.

घरघर घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन कापण्याचा ‘उपाय’ सर्रास सांगितला जातो. तो कधीही करू नका. शक्य असेल तिथे सगळी वाद्ये आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवा, त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला सांगा आणि दिव्यांची लाईन वेगळी ठेवा.

२. घरघर कुठून येते?

आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. बेसच्या जाड ई तारेवर तिसऱ्या पडद्यावर वाजणारा जी हा स्वर ४९ हर्ट्झचा असतो. म्हणजे विजेची घरघर ही बेसच्याच स्वरांमध्ये येऊन बसते. घरघर चालू असताना हा जी धरून ठेवला, तर साधारण दर सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि बसतो. शाळेत शिकलेले विस्पंद ते हेच. गायकाच्या माइकवर अशी घरघर फिल्टरने कापता येते. बेसवर कापायला गेलात तर स्वरच जातो. त्यामुळे ती मुळाशीच थांबवावी लागते.

तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल, तर ती पिकअप आणि शरीरामार्फत हवेतून येते आहे. दिव्यांच्या डिमरपासून दूर सरका किंवा उभे राहण्याची दिशा बदला. हात लावून फरक पडत नसेल, तर ॲम्प आणि मिक्सर यांच्यात अर्थचे वळसे तयार झाले असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी डीआय बॉक्सवरचा ‘ग्राउंड लिफ्ट’ खटका वापरा. तो फक्त सिग्नल केबलच्या जाळीची जोडणी तोडतो. ॲम्पचे सुरक्षा अर्थिंग जसेच्या तसे राहते.

३. डीआय बॉक्स का लागतो?

पॅसिव्ह पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढ्यांची गुंडाळी. तिचा डीसी रोध सुमारे १० किलोओहम आणि प्रेरकता ५ हेन्री धरू. ही जोडणी १० किलोओहमच्या लाईन इनपुटला थेट केली, तर विभाजनाच्या नियमाने निम्मे व्होल्टेज पिकअपमध्येच राहते, म्हणजे ६ डेसिबलचा तोटा. प्रेरकतेमुळे वरच्या वारंवारतांचा तोटा आणखी जास्त. इनपुट १ मेगाओहमचा असेल तर ९९ टक्के सिग्नल पुढे जातो.

आता केबल पाहू. साध्या केबलची धारिता मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते. पिकअप आणि केबल मिळून एक अनुनादी परिपथ बनतो.

वारंवारता = १ ÷ (२π√(प्रेरकता × धारिता))

६ मीटर केबलला उत्तर सुमारे २.९ किलोहर्ट्झ येते, २० मीटरला १.६ किलोहर्ट्झ. या वारंवारतेच्या वरचे सगळे झपाट्याने घसरते. बोट तारेवरून सुटतानाचा स्पष्ट ‘टक्’ तिथेच असतो. म्हणून बेसपासून मिक्सरपर्यंत लांबच लांब गिटार केबल टाकू नये. ५-६ मीटरच्या केबलने डीआय बॉक्सपर्यंत यावे आणि पुढचे २० मीटर संतुलित एक्सएलआर केबलने जावे. डीआय बॉक्स संरोध खाली आणतो आणि सिग्नल दोन तारांवर उलटसुलट पाठवतो. वाटेत दोन्ही तारांवर सारखाच बसलेला गोंगाट मिक्सरमध्ये वजा होतो.

निवडीचा साधा नियम : बेस पॅसिव्ह असेल तर डीआय ॲक्टिव्ह घ्या, बेस ॲक्टिव्ह असेल तर पॅसिव्ह डीआय चालतो. ॲक्टिव्ह डीआयला मिक्सरकडून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा मिळतो. साउंडवाल्या दादांना तो सुरू करायला आधीच सांगून ठेवा.

४. मंचावरचा ॲम्प

मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झची. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला तर तरंगलांबी ८.४ मीटर येते. एवढी मोठी लाट मीटरभर रुंदीच्या कॅबिनेटला जुमानत नाही. ती पुढे, मागे, फळ्यांखाली, सगळीकडे जाते आणि गायकाच्या माइकमध्येही शिरते. मंचावरचा ॲम्प जितका मोठा कराल तितका समोरचा आवाज गढूळ होतो. तेव्हा ॲम्प स्वतःला ऐकू येण्यापुरताच ठेवा. तो खुर्चीवर ठेवून कानाकडे वळवला की कमी आवाजात भागते आणि पोकळ फळ्याही थरथरत नाहीत. प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याचे काम मिक्सरमार्गे मोठ्या स्पीकरांचे.

उघड्यावर आवाज पातळ वाटतो म्हणून ‘बास’चे बटण पूर्ण फिरवणे हा नेहमीचा मोह. पण बरेच स्पीकर ४१ हर्ट्झ नीट देतच नाहीत. ८२ आणि १२३ हर्ट्झचे संनादी ऐकून आपला मेंदू मूळ स्वर भरून काढतो. म्हणून ३५-४० हर्ट्झखालचे कापा, ८०-१०० हर्ट्झ थोडे वाढवा आणि बोटांचा स्पष्टपणा हवा असेल तर ७००-८०० हर्ट्झला हात लावा. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यातील टोनी वाझ यांचे बेस छोट्या रेडिओवर ऐकून पाहा. इतक्या लहान स्पीकरमधूनही चाल कळते, ती वरच्या संनादींमुळे.

कॅबिनेट जोडताना ओहम मोजा. ८ ओहमची दोन समांतर जोडली की ४ ओहम होतात. ॲम्पची किमान मर्यादा ४ असेल तर तिसरे जोडू नका. स्पीकरला गिटारची केबलही लावू नका. ४ ओहमवर २०० वॉट म्हणजे ७ अँपिअर प्रवाह, आणि गिटार केबलची बारीक तार त्यासाठी केलेली नसते.

५. वेळ आणि शेजार

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला मनाई आहे. सणांच्या मोजक्या दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. व्यापारी भागात दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल (ए) आहे. मात्र ‘ए’ भारांकन ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल कमी मोजते. म्हणजे मीटर शांत असतानाही वरच्या मजल्यावरच्या आजींच्या खिडक्या थरथरत असू शकतात. बेसची जबाबदारी म्हणूनच मीटरवर सोडता येत नाही.

६. पिशवीत काय हवे

मल्टिमीटर, डीआय बॉक्स, दोन गिटार केबल, तारांचा जादा संच, ट्यूनर, बॅटरी, चिकटपट्टी, कोरडे फडके. ॲक्टिव्ह बेस असेल तर ९ व्होल्टचा नवा सेलही घ्या. केबल खोचलेली असेपर्यंत हा सेल उतरतच राहतो. तालीम संपली की केबल काढून ठेवा.

स्वाध्याय

१) १० मीटर केबलसाठी अनुनादी वारंवारता काढा (प्रेरकता ५ हेन्री).
२) पाच तारांच्या बेसवरील मोकळी बी तार ३०.९ हर्ट्झची असते. तिची तरंगलांबी काढा आणि तुमच्या वर्गाच्या लांबीशी ताडून पाहा.
३) ब्रिज आणि माइक यांच्यात ११० व्होल्ट दिसतात. आयोजक म्हणतात, “एवढे चालते.” त्यांना काय उत्तर द्याल, आणि कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी काय काय तपासून घ्याल, ते क्रमाने लिहा.