सकाळची पहिली गाडी

हुबळीच्या दुर्गदबैलहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. (मराठी कानाला इथे बैल ऐकू येतो, पण तो कानडीतला 'बयलु', म्हणजे मोकळी जागा. किल्ल्याजवळचं मैदान म्हणा. आता तिथे पाय ठेवायलाही मोकळी जागा मिळत नाही, ते सोडा.) वाचकांचं भांड्यांचं दुकान आहे. वय ४६, वजन ६१ किलो, पोट सुटलेलं नाही. तरीही उपाशीपोटी साखर ९७ आणि इन्सुलिन १२ निघालं. डॉक्टर म्हणाले, थोडा इन्सुलिन रेझिस्टन्स आहे, गोळी नको, खाणं सांभाळा. मग मेहुण्यानं मोबाइलवर उपासाचे व्हिडिओ पाठवले आणि सकाळचं उप्पीट बंद झालं. आता दुपारी एकला डबा, रात्री दुकान वाढवून साडेनऊला जेवण, 'मध्ये चहा सोडून काही नाही'. चार महिने नेमानं चाललं आहे. आणि तक्रार अशी की दुपारच्या जेवणानंतरची साखर पूर्वीपेक्षा जास्त येते. ग्लुकोमीटर बिघडला असेल का?

ग्लुकोमीटरला बोल लावण्याआधी इन्सुलिन रेझिस्टन्सचं थोडं गणित करू. उपाशीपोटीची साखर गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५. उत्तर २.९ येतं. अडीचच्या वर गेलं की साधारणपणे भुवया उंचावतात. मात्र इन्सुलिनची मोजणी सगळीकडे एकसारखी होत नाही, एकाच रक्ताचे दोन लॅबमध्ये दोन आकडे येऊ शकतात. तेव्हा या २.९ ला वेशीवरची पाटी समजावं. गाव अजून पुढे आहे.

वजन ६१ किलो असताना हे कसं, असं पत्रात दोनदा विचारलंय. त्याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स बरोबर २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! शास्त्रज्ञानं स्वतःलाच नमुना म्हणून उभं करावं, हे मला फार आवडतं. हे अंगकाठीचं दुखणं जन्मापासूनचं आहे, हे याज्ञिकांनी त्याआधीच दाखवलं होतं. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळं हातापायांनी काटकुळी, पण पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ त्या गुटगुटीत बाळांइतकी. नाळेच्या रक्तात इन्सुलिनही चढलेलं. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हटलं की जाड माणूस डोळ्यांसमोर येतो. या संशोधनानं ते चित्र पुसलं, पण पुण्याबाहेर किती जणांना याज्ञिक हे नाव ठाऊक आहे?

उलट डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव हुबळीपर्यंत पोचलं आहे. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार त्यांनी पुढे नेला: भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवायचं. 'फास्टिंग इन्सुलिन' हा शब्द मराठी स्वयंपाकघरात आणला तो त्यांनीच, आणि येता-जाता तोंड चालवण्याची सवय त्यामुळे कितीतरी जणांची सुटली. पण दोन जेवणांत त्यांना दुधा-साखरेचा चहा चालत नाही. आमच्या वाचकांचा दुकानातला चहा कसा असतो ते पत्रात नाही. बाजारपेठेतला चहा मी प्यायलो आहे, त्यामुळे विचारलंही नाही.

आता दुपारच्या साखरेकडे वळू. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट इन्सुलिनच्या मागे लागले होते. दोन वर्षांनी त्या शोधाला नोबेल मिळालं, गाजावाजा झाला. त्याच १९२१ मध्ये श्टाउब नावाच्या संशोधकानं एक साधी गोष्ट टिपली. माणसाला ग्लुकोज पाजलं की रक्तातली साखर चढते, पण थोड्या वेळानं तेवढंच ग्लुकोज पुन्हा पाजलं तर दुसऱ्यांदा ती कमी चढते. पुढच्या वर्षी ट्राउगॉटनंही तेच दाखवलं. आज 'श्टाउब-ट्राउगॉट परिणाम' म्हणून तो पुस्तकाच्या कोपऱ्यात पडून आहे.

तो समजून घ्यायला दुर्गदबैलची सकाळ पुरेशी आहे. रात्रभरात गल्ली हातगाड्यांनी भरलेली, गोदामाचं शटर खाली, हमाल पेंगलेले. मालाची पहिली गाडी आली की आरडाओरडा होतो, हातगाड्या बाजूला सरतात, शटर वर जातं, हमाल कामाला लागतात. तास-दोन तासांनी दुसरी गाडी आली तर ती पटापट रिकामी होते. या हातगाड्या म्हणजे रात्रीच्या उपासात रक्तात आलेली मेदाम्लं. न्याहारीबरोबर आलेलं इन्सुलिन त्यांना हटवतं, स्नायूंची गोदामं उघडतात, स्वादुपिंडही सावध होतं. पहिली गाडी रद्द केली तर दुपारची गाडी थेट त्या तुंबलेल्या गल्लीत शिरते.

याकुबोविच आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये टाइप-२ मधुमेह असलेल्या २२ जणांना एक दिवस न्याहारी दिली, एक दिवस दिली नाही. दुपारचं आणि रात्रीचं जेवण तेच. न्याहारी चुकलेल्या दिवशी दुपारच्या जेवणानंतरची साखर सुमारे ३७ टक्क्यांनी आणि रात्रीची सुमारे २७ टक्क्यांनी जास्त. आमच्या वाचकांना मधुमेह नाही, त्यांचा फरक एवढा नसेल. पण दिशा तीच.

मग उपास खोटा? तसं नाही, प्रश्न कोणतं टोक कापायचं याचा आहे. शरीर साखर हाताळतं ते सकाळी उत्तम, रात्री रडतखडत. अंधार पडून मेलाटोनिन वाढलं की स्वादुपिंडही हात आखडता घेतं. अमेरिकेत २०१८ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांना पाच आठवडे दिवसाच्या पहिल्या सहा तासांतच जेवायला घातलं, शेवटचा घास दुपारी तीनच्या आत. वजन घटलं नाही, तरी इन्सुलिनचं काम सुधारलं, रक्तदाबही उतरला. पुरुष किती? आठ. आठ माणसांवर जगाचा आहार ठरवू नये. उलट २०२० मध्ये ११६ जणांवर झालेल्या प्रयोगात निम्म्यांनी न्याहारी सोडून दुपारी बारा ते रात्री आठ या वेळातच खाल्लं. बारा आठवड्यांनी त्यांचं वजन ०.९४ किलोनं घटलं, तीन वेळा खाणाऱ्यांचं ०.६८ किलोनं. हा फरक धरण्याजोगा नाही. मोबाइलवरचे व्हिडिओ हे सांगत नाहीत. ते ऑटोफॅजीच्या, म्हणजे उपाशी पेशीनं स्वतःचेच भाग पचवण्याच्या शोधासाठी जपानी संशोधकाला मिळालेल्या नोबेलबद्दल सांगतात. ओसुमींना २०१६ मध्ये ते मिळालं खरं, पण त्यांचा तो पायाभूत शोध यीस्टवरचा होता. मेहुण्यावरचा नव्हे.

उपासाचं नाव घेऊन पिष्ट चापण्यात तर आपण तरबेज आहोतच. एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिष्ट, तीही रताळ्याच्या जोडीनं.

तेव्हा वाचकांना माझं सांगणं असं: सकाळी आठ-नऊला न्याहारी सुरू करा, पण नुसतं उप्पीट नको, ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ, किंवा अंडी. चहाची साखर काढा. रात्रीचा डबा दुकानातच संध्याकाळी साडेसहाला उघडा, घरी गेल्यावर फार तर पातळ ताक. (मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे स्वतःच्या मनानं करू नये, साखर एकदम खाली जाते.) बाजारपेठेत सूर्यास्ताआधी जेवणारे जैन व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. त्यांची कारणं वेगळी, गिऱ्हाईक मात्र त्यांच्याकडेही साडेसहालाच येतं.

पत्राच्या शेवटी ताजा कलम आहे: दुकान वाढवल्यावर चौकात गिरमिट आणि एक मिरची भजी खाल्ली तर ती जेवणात धरायची का? धरायची. शक्य तर दुपारी चारला खा. त्या वेळी गाडे लागलेले नसतात, हे मलाही माहीत आहे.