कुंडीतील कढीलिंबाची दीर्घकाळ जोपासना

भोसरी, पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यातील पुष्कळशी शेतजमीन कारखान्यांखाली गेली आहे. पोटासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या मुलांना घरी अंगण नाही आणि अनेक शाळांस परसबागेपुरती मोकळी जमीन नाही. अशा ठिकाणी कुंडीतील एक झाड वर्षानुवर्षे जगविणे हा निसर्गशिक्षणाचा उत्तम पाठ होय. युरोपात लॉरेल नावाचे सुगंधी पानांचे झाड याच रीतीने कुंडीत वाढवितात. आपल्या हवेस व स्वयंपाकास मानवणारे तसे झाड म्हणजे कढीलिंब. हे झाड लिंबू-संत्र्याच्या कुळातील असून नाव मिळतेजुळते असले तरी कडुलिंबाच्या कुळातील नाही.

कुंडीची निवड. प्रथम सुमारे ३० सेंटिमीटर व दोन-तीन वर्षांनी ४५ सेंटिमीटर व्यासाची कुंडी घ्यावी. तळाशी भोके अवश्य असावीत. या भागात भंगारवाल्यांकडे पिंपे व डबे स्वस्त मिळतात. परंतु ज्यांत रंग, रसायन किंवा यंत्राचे तेल होते, अशी भांडी कितीही धुतली तरी वापरू नयेत. या झाडाची पाने पोटात जावयाची आहेत, हे विसरू नये. खाद्यतेलाचा रिकामा डबा चालेल. मात्र तो काही वर्षांत गंजतो.

माती व रोप. नुसती काळी माती कुंडीत घट्ट बसते व वाळताच भेगाळते. म्हणून पोयट्याची माती, कुजलेले शेणखत व थोडी वाळू यांचे मिश्रण करावे. मोठ्या झाडाच्या मुळांपासून फुटलेले रोप पावसाळ्यात काढून लावणे सोपे पडते. बी लावावयाचे असल्यास पिकलेल्या काळ्या फळाचा गर काढून ते ताजेच पेरावे; वाळलेले बी सहसा रुजत नाही. मुलांस बी खाऊ देऊ नये.

पाणी. माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी लागली, तरच पाणी द्यावे. थंडीत वाढ मंदावते व काही पाने गळतात. झाड मेले असे समजून पाण्याचा मारा करू नये, त्याने मुळे कुजतात.

मुळांची छाटणी. कुंडीतील झाड बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षी खुरटते. पाणी घालताच ते तळातून लगेच वाहून जाते, पाने लहान व पिवळी पडतात. मुळांनी सारी जागा व्यापली आणि मातीतील सत्त्व संपले, हे त्याचे कारण होय. यास्तव दर दोन-तीन वर्षांनी, मृगाचा पाऊस पडून शाळा उघडताच, झाड मुळांच्या गड्ड्यासह बाहेर काढावे. गड्ड्याच्या कडेची व तळाची दोन-तीन बोटे जाडीची मुळे धारदार सुरीने कापावीत, शेंडेही एक-तृतीयांश छाटावेत आणि नवी माती भरून झाड त्याच कुंडीत लावावे. पंधरा दिवस ते सावलीत ठेवावे.

पाने व फुलपाखरे. पहिले वर्ष पाने तोडू नयेत. पुढे पाने ओरबाडण्याऐवजी शेंडा खुडावा, म्हणजे बगलेतून नवे फुटवे येतात. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी व पुढे हिरवी होणारी अळी आढळल्यास ती लगेच मारू नये. ती फुलपाखराची अळी असते. एक-दोन अळ्या राखून मुलांकडून कोश व फुलपाखरू यांचे निरीक्षण करवावे.

उन्हाळ्याची सुटी. शाळेतील कुंड्या बहुधा मे महिन्यात मरतात. सुटीपूर्वी कुंडी सावलीत हलवावी, मातीवर पालापाचोळा पसरावा आणि शाळेजवळ राहणाऱ्या दोन-तीन मुलांकडे पाळीपाळीने पाण्याचे काम सोपवावे.

लागवड, माती बदलणे व छाटणी यांच्या तारखा एका वहीत नोंदवाव्यात. शिक्षकांच्या बदल्या होतात, मुले पुढच्या शाळेत जातात. कित्येकांची कुटुंबे कामामागे गाव सोडतात. कुंडी हाती घेणाऱ्या नव्या शिक्षकास ही वही मिळाली, तरच झाडाची माती वेळेवर बदलली जाईल.