२२ डिसेंबरचा दिनविशेष

परिपाठाच्या वेळी फळ्याच्या कोपऱ्यात दिनविशेष लिहिला जातो, एक विद्यार्थी तो वाचतो, आणि दुसऱ्या सकाळी तो पुसला जातो. नावे व सन यांची अशी जंत्री मुलांच्या स्मरणात राहत नाही. त्यात मुलांचा दोष नाही. २२ डिसेंबरची साक्ष मात्र शाळेच्या अंगणातच मिळते.

उत्तर गोलार्धातील सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. त्या दिवशी सपाट जागी १ मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी मुलांकडून खडा ठेववावा. सर्वांत आखूड सावली ती मध्यान्हीची. पुण्याच्या अक्षांशावर ती १२ वाजून ३३ मिनिटांच्या सुमारास पडते व सुमारे ९० सेंटिमीटर भरते. घड्याळातील बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे, हे पाहून मुलांना नवल वाटते. आपले घड्याळ ८२॥ अंश पूर्व रेखांशाचे आहे. पुणे त्याच्या पश्चिमेस असल्याने तेथे सूर्य उशिरा माथ्याच्या रेषेवर येतो. सावलीचे माप भिंतीवर टिपून ठेवावे. २१ मार्चला तीच सावली सुमारे ३३ सेंटिमीटर होते आणि मे महिन्याच्या मध्यास मध्यान्ही नाहीशी होते.

या दिवसापासून सूर्य उत्तरेकडे सरकू लागतो, असे सांगताच एखादे मूल हमखास विचारते, "गुरुजी, उत्तरायण तर संक्रांतीला लागते ना?" पंचांग चुकले, असे म्हणून येथे मोकळे होऊ नये. मकरसंक्रमण ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले असते. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याच्या आरीसारखा अतिशय मंद डोलतो. त्यामुळे सुमारे ७२ वर्षांत एक अंशाचा फरक पडतो. सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस जवळजवळ एकच होते. आज त्यांत सुमारे २३ दिवसांचे अंतर आहे. आजीने सांगितलेले आणि अंगणात मोजलेले यांत मुलाची ओढाताण होऊ नये, यासाठी एवढे शिक्षकास ठाऊक हवे.

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मही याच तारखेचा, १८८७ सालचा, इरोड येथील. २०१२ पासून हा राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. त्यांचे चरित्र लांबवण्यापेक्षा त्यांची १७२९ ही संख्याच वर्गात न्यावी. दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या: १ व १२ यांचे घन, तसेच ९ व १० यांचे घन. सातवीच्या मुलांना १ ते १२ यांचे घन काढू द्यावेत आणि या जोड्या त्यांनाच शोधू द्याव्यात. उत्तर आधी फळ्यावर लिहू नये.